टपाल तिकिटे मांडून ठेवावीत की मूळ वेष्टनातच? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिकिटे जमवणाऱ्यांच्या पत्रांतून आणि संदेशांतून हा एकच प्रश्न वर्षभर निरनिराळ्या रूपांत येत राहतो. कोणी दिवाणखान्यात फ्रेम लावायची म्हणून विचारतो, कोणाला वडिलांचा अल्बम माळ्यावर सापडलेला असतो, तर कोणी पोस्टातून आणलेला संच दहा वर्षांनी उघडतो आणि आतला डाग पाहून हादरतो. अशा प्रश्नांतले जे पुन्हा पुन्हा आले ते येथे क्रमाने घेतले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एकच मुद्दा दोन ठिकाणी लागत असेल तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टपाल तिकिटाला ‘मूळ वेष्टन’ असते तरी का? ती तर खिडकीवर सुटीच मिळतात.

खेळण्याला किंवा घड्याळाला जसे खोके असते तसे तिकिटाला नसते, हे खरे आहे. १५ ऑगस्ट १९४८ रोजी गांधीजींवर निघालेली दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये या किमतींची चार तिकिटे पोस्टाच्या खिडकीवर शीटमधून तोडून मिळत. त्यांच्या ‘मूळ पाकिटा’बद्दल कोणी सांगत असेल, तर ते पाकीट कोणी व केव्हा काढले याची आधी खात्री करून घ्यावी. आज मात्र हा शब्द चार-पाच निरनिराळ्या वस्तूंना लावला जातो: फिलाटेली ब्यूरोत (संग्राहकांसाठीच्या टपाल खात्याच्या विक्रीकेंद्रात) मिळणारा छापील फोल्डर किंवा प्रेझेंटेशन पॅक, वर्षभराच्या तिकिटांचा संच, फर्स्ट डे कव्हरची (तिकीट निघाल्याच्या दिवशीचा शिक्का असलेल्या पाकिटाची) पारदर्शक पिशवी, तिकिटांचे बुकलेट आणि स्वतः चिकटणाऱ्या तिकिटांचा गुळगुळीत पाठकागद. या वस्तूंचे कागद, प्लास्टिक आणि गोंद वेगवेगळे असल्यामुळे ‘वेष्टनात ठेवावे की नाही’ याला सरसकट उत्तर देता येत नाही. वेष्टन कोणते, हे आधी पाहावे लागते.

२. वेष्टन उघडले की तिकिटाची किंमत कमी होते का?

खेळण्यांच्या किंवा नाण्यांच्या संग्रहातून या छंदाकडे आलेल्यांचा हा ठाम समज असतो, पण तिकिटांच्या बाजारात तो फारसा लागू पडत नाही. कोऱ्या तिकिटाची किंमत ठरते ती त्याची छिद्रांची कड अखंड आहे का, छपाई मध्यभागी बसली आहे का, रंग ताजा आहे का आणि मागचा गोंद पोस्टातून आला तसाच, कोणताही डाग अथवा खूण न पडता राहिला आहे का, यांवर. फोल्डरला स्वतःची किंमत असते, परंतु ती सहसा किरकोळ असते आणि तिकिटापासून वेगळी मोजता येते. म्हणून तिकीट चिमट्याने नीट बाहेर काढले आणि रिकामा फोल्डर शेजारी जपून ठेवला, तर कालांतराने दोन्ही एकत्र विकता येतात. उलट, न उघडलेल्या फोल्डरात गोंद पिवळा पडला असेल तर ‘सीलबंद’ या शब्दाला जाणकार ग्राहक एक रुपयाही जास्त देत नाही. अपवाद बुकलेटचा. त्यातील पाने सुटी केली की ते बुकलेट राहत नाही, म्हणून ते अखंडच ठेवावे.

३. पोस्टाने स्वतः दिलेल्या पाकिटात तिकीट सर्वांत सुरक्षित असणार, हे उघड नाही का?

दुर्दैवाने नाही, आणि या संपूर्ण पानातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आमच्या मते हाच आहे. पाकीट बनवणाऱ्यासमोर प्रश्न असतो तो तिकीट खिडकीवरून ग्राहकाच्या घरापर्यंत न दुमडता कसे जाईल आणि भेट देताना सुरेख कसे दिसेल, एवढाच. ते तीस वर्षे आणि तीस पावसाळे कसे काढील, हा विचार त्यात क्वचितच असतो. त्यामुळे चकचकीत पुठ्ठा आम्लयुक्त असू शकतो, पुठ्ठ्याला खिसा चिकटवणारा गोंद पुढे पाझरू शकतो, आणि खिशाचे प्लास्टिक मऊ पीव्हीसीचे असेल तर त्याला मऊपणा देणारे तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येऊन तिकिटाच्या शाईवर बसते.

एका वाचकाने आणून दाखवलेल्या जुन्या संचाचे पान दिव्याखाली तिरके धरले, तेव्हा समोरून निर्दोष दिसणाऱ्या तिकिटांवर साबणाच्या फुग्यावर दिसते तशी रंगीबेरंगी झाक होती. चिमट्याने खिशाची कड उचलताच प्लास्टिक ‘चर्र’ असा बारीक आवाज करीत सुटले आणि त्याच्या आतल्या बाजूला तिकिटावरच्या निळ्या रंगाची उलटी, पुसट छाप उमटलेली होती. तो संच एकदाही उघडलेला नव्हता, आणि मालकाला त्याचाच अभिमान होता.

सगळी पाकिटे वाईट असतात असे नाही. नीट पारखलेले पाकीट ठेवावे, न पारखलेले कागदपत्र म्हणून बाजूला ठेवून तिकीट योग्य ठिकाणी हलवावे. पारख कशी करायची ते पुढील उत्तरात दिले आहे.

४. प्लास्टिक चांगले की वाईट, हे घरच्या घरी कसे ओळखायचे?

मऊ पीव्हीसीला नव्या रेनकोटसारखा वास येतो, ते बोटाला किंचित चिकटल्यासारखे वाटते आणि दोन पदर एकमेकांवर ठेवले तर सहज सरकत नाहीत. पॉलिएस्टर काचेसारखे स्वच्छ, ताठ आणि हाताळताना कडकड वाजणारे असते, ते बोटांनी ओढून ताणत नाही. पॉलिप्रॉपिलीन त्याहून लवचीक आणि किंचित धूसर असते. शंका उरलीच, तर पिशवीच्या कोपऱ्याचा नखाएवढा तुकडा कापून पाण्यात नीट बुडवून सोडावा: पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके असल्यामुळे वर येते, पीव्हीसी तळाशी जाते. पॉलिएस्टरही बुडते, पण त्याचा ताठपणा त्याला लगेच वेगळे पाडतो. जुन्या फर्स्ट डे कव्हरांच्या सेलोफेन पिशव्या दमट हवेत सुरकुततात, आक्रसतात आणि आतल्या पाकिटाच्या कडा वाकवतात, त्या बदलाव्यात. ग्लासीन कागदाची अर्धपारदर्शक पाकिटे तात्पुरत्या साठवणीला उत्तम, परंतु तीही काही वर्षांनी पिवळी व ठिसूळ होतात.

५. तिकिटे फ्रेम करून भिंतीवर लावली तर नेमके काय बिघडते?

मुख्यतः रंग. प्रकाशाने होणारी हानी साठत जाते आणि परत भरून येत नाही. रात्रभर अंधारात ठेवल्याने दिवसाचा तोटा भरून निघत नाही. कागदावरील नाजूक वस्तूंसाठी संग्रहालये साधारणतः ५० लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) एवढा मंद प्रकाश ठेवतात. आपल्या घरात खिडकीजवळच्या भिंतीवर ऊन थेट न पडताही हजार लक्स सहज असतात, आणि थेट उन्हात हा आकडा लाखापर्यंत जातो. याचा अर्थ असा की संग्रहालयात वीस दिवसांत तिकिटावर जितका प्रकाश पडतो, तितका तुमच्या खिडकीशेजारी एका दिवसात पडू शकतो.

सर्वच शाया सारख्या नसतात. कोळशाच्या काजळीची काळी शाई दीर्घकाळ टिकते, तर अनेक जांभळ्या, गुलाबी आणि हिरव्या शाया फार लवकर उडतात. ब्रिटनची १८८३-८४ मधील जांभळी व हिरवी तिकिटे तर शिक्का पुसून पुन्हा वापरणाऱ्यांना अडवण्यासाठी मुद्दाम कच्च्या शाईत छापलेली होती. ती पाण्याने जातात आणि उन्हानेही फिकटतात. रंग उडणे हळूहळू होत असल्यामुळे रोज पाहणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. फ्रेम उघडून पुठ्ठ्याच्या चौकटीखाली झाकली गेलेली कड पाहिली, की मूळ रंग कोणता होता ते कळते.

दुसरा धोका भिंतीचा. पावसाच्या माऱ्याच्या बाजूची बाहेरची भिंत ओल धरते आणि फ्रेमची पाठ त्या ओलीला टेकलेली असते.

६. यूव्ही किरण अडवणारी काच लावली तर प्रश्न मिटतो ना?

कमी होतो, मिटत नाही. अशी काच किंवा ॲक्रिलिक अतिनील किरण बऱ्याच अंशी अडवते, परंतु दिसणारा प्रकाशही शाई उडवतोच, आणि तो अडवला तर तिकीट दिसणारच नाही.

७. तरीही फ्रेम करायचीच आहे. काय काळजी घ्यावी?

पहिली सूचना अशी की भिंतीवर आपल्याकडे दोन प्रती असलेले तिकीट लावावे आणि त्यातही वापरलेले, शिक्का असलेले निवडावे, कारण त्याच्या मागच्या गोंदाची चिंता उरलेली नसते. तिकीट थेट पुठ्ठ्यावर न चिकटवता पॉलिएस्टरच्या माउंटमध्ये (तिकीट सरकवायच्या पारदर्शक खिशात) घालावे आणि तो माउंट आम्लविरहित पुठ्ठ्यावर बसवावा. काच तिकिटाला टेकता कामा नये. मध्ये कापलेल्या पुठ्ठ्याची चौकट असली म्हणजे दोन-तीन मिलिमीटरची पोकळी राहते. ती नसेल तर दमट दिवसांत काचेच्या आत धरलेला दव तिकिटालाच लागतो. फ्रेम आतल्या, सावलीतल्या भिंतीवर लावावी, मागे चारही कोपऱ्यांना बूच किंवा रबराच्या टिकल्या लावून हवा खेळती ठेवावी, आणि चार-सहा महिन्यांनी आतली तिकिटे बदलावीत. फ्रेम करणारा नेहमीच्या सवयीने दुहेरी चिकटपट्टी लावतो, त्यामुळे सामान देताना त्याला तोंडी सांगून भागत नाही, समोर उभे राहावे लागते.

किमती तिकिटाच्या जागी मोठी केलेली स्कॅनप्रत लावणे हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे, आणि खरे तर पाहुण्यांना कोरीव रेषा त्यातच नीट दिसतात. मात्र प्रत हुबेहूब मूळ आकारात, छिद्रांसकट करू नये. बनावट तिकिटांविषयी आपल्या फौजदारी कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे, म्हणून प्रत ठळकपणे मोठी असावी आणि तिच्यावर ‘प्रतिकृती’ असे लिहिलेले असावे.

८. अल्बममध्ये लावताना हिंज वापरावे की माउंट?

वापरलेल्या तिकिटाला हिंज चालते: छोटा, सहज सुटणारा कागदी तुकडा दुमडून लावायचा आणि काढताना पूर्ण वाळलेला असल्याची खात्री करायची. कोऱ्या तिकिटाला मात्र हिंज लावू नये, कारण त्याची खूण गोंदावर कायम राहते आणि विसाव्या शतकातील बहुतेक तिकिटांची किंमत तेवढ्याने घसरते. त्यांच्यासाठी माउंट किंवा स्टॉकबुक (पानांवरच्या पट्ट्यांखाली तिकिटे सरकवायची वही) वापरावे. गोंदाचा हा आग्रह सर्वत्र लागू करू नये. भारताचे १८५४ चे अर्ध्या आण्याचे निळे तिकीट गोंदाविनाच विक्रीस आले होते, त्यामुळे त्यावर ‘मूळ गोंद’ शोधणाऱ्याने किंवा तो असल्याचे सांगणाऱ्याने सावध व्हावे.

९. आमच्याकडे कोकणात चार महिने सगळेच ओले असते. बंद पाकिटात ठेवणे बरे की उघड्यावर?

बंद पाकीट ओल अडवते, हा समज अर्धवट आहे. ते ओल आत येण्याचा वेग कमी करते आणि आत आलेली ओल बाहेर जाण्याचाही वेग कमी करते. जुलैमध्ये हवेत ऐंशी-नव्वद टक्के आर्द्रता असताना पाकीट बंद केले तर तुम्ही जुलै महिनाच आत बंद केलेला असतो. तिकिटांसाठी ४० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानली जाते. गोंदाचा स्वभावच मुळी ओल शोषण्याचा असल्यामुळे फार दमट हवेत तो चिकट होतो आणि जे समोर येईल त्याला धरतो. पुढे त्यावर बुरशी धरते व तपकिरी ठिपके उमटतात. १९२६ पासून आपली तिकिटे नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाऊ लागली. नाशिकच्या कोरड्या हवेतून निघून किनारपट्टीवर वाढलेल्या संग्रहांत त्या जुन्या तिकिटांचा पिवळसर पडलेला गोंद पाहणे, हे आमच्यासारख्यांचे नित्याचेच झाले आहे.

व्यवहारात पुढीलप्रमाणे करावे. काही शे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक कपाटात ठेवावा आणि अंदाजाऐवजी आकड्यावर विश्वास ठेवावा. अल्बम आडवे एकावर एक न रचता पुस्तकांसारखे उभे ठेवावेत, आणि ते इतके दाटू नयेत की पाने एकमेकांवर दाबली जातील. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, पण अल्बमला न टेकता. दाण्यांचा रंग बदलला की त्या वाळवून पुन्हा वापराव्यात. अतिरेक मात्र टाळावा. आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली गेली तर गोंद तडकतो आणि तिकीट सुरळीसारखे वळते. संग्रह पाहण्याचा आणि हवा देण्याचा काळ दिवाळीनंतरचा, कोरड्या थंडीतला. गणपतीत पाहुणे आले म्हणून अल्बम काढण्याचा मोह आवरावा.

वातानुकूलित खोलीतून गार झालेला अल्बम एकदम दमट हवेत उघडू नये. गार लोट्याबाहेर पाणी जमते तसे त्याच्या पानांवर जमते. तो बंदच ठेवून तासभर बाहेर राहू द्यावा.

१०. डांबराच्या गोळ्या, कापूर किंवा वेखंड ठेवावे का? आजीच्या ट्रंकेत पैठण्या तशाच टिकल्या.

पैठणीला गोंद नसतो. डांबराच्या गोळ्यांची वाफ प्लास्टिकला मऊ करते आणि कागदावर बसते, कापराचेही तेच, वेखंडाची पूड आणि कडुलिंबाची पाने डाग पाडतात. कसर आणि झुरळे येतात ती अंधार, ओल आणि खळ यांच्या आशेने, त्यामुळे ओल आटोक्यात ठेवणे (प्रश्न ९) आणि दोन-तीन महिन्यांनी प्रत्येक अल्बम हातात घेऊन चाळणे याला पर्याय नाही. नव्या प्लायवूडच्या कपाटापेक्षा लोखंडी कपाट बरे, कारण प्लायवूडमधून आम्लयुक्त वाफा येत राहतात. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे असावे.

११. मिनिएचर शीट किंवा शीटलेटमधून तिकीट तोडून लावले तर चालेल का?

मिनिएचर शीट म्हणजे सचित्र चौकटीत तिकीट छापलेला छोटा कागद. ती चौकट हा तिच्या चित्राचाच भाग असतो. ती तोडली तर हाती एक साधे तिकीट येते आणि संग्राहकाच्या दृष्टीने वस्तू नष्ट होते. एकमेकांना जोडून छापलेल्या, मिळून एक चित्र होणाऱ्या तिकिटांनाही हाच नियम लागू आहे. शीटलेटचे तसे नाही: तीत एकच तिकीट अनेकदा असल्यामुळे, दोन शीटलेट असतील तर एक अखंड ठेवून दुसरीतील तिकिटे मोकळेपणाने वापरता येतात, मांडता येतात, पत्रावर लावता येतात. तोडताना छिद्रांवर आधी पुढे-मागे घडी करण्याची सवय अनेकांना असते. तिने गोंदाला चीर जाते. शीट सपाट ठेवून हळूहळू वेगळे करावे.

१२. फर्स्ट डे कव्हर त्याच्या पिशवीतून काढावे का?

पिशवी सेलोफेनची किंवा पीव्हीसीची असेल तर काढावे (पारख प्रश्न ४ मध्ये) आणि पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत घालावे. आतमध्ये ताठपणासाठी घातलेले कार्ड आम्लविरहित नसेल तर ते बदलावे, कारण पाकिटावर आयताकृती तपकिरी सावली पडते ती बहुधा त्याच कार्डाची असते. पाकिटाची झडप चिकटवू नये. मांडताना पाकिटाला काहीही न चिकटवता चारही कोपरे पॉलिएस्टरच्या कोपऱ्यांत अडकवावेत. डाक विभाग विशेष तिकिटांबरोबर जे माहितीपत्रक काढतो ते पुष्कळजण फेकून देतात. ते जपावे, परंतु पाकिटाच्या आत कोंबून नव्हे, शेजारी स्वतंत्र पिशवीत.

१३. चंदनाच्या वासाचे तिकीट पाकिटातून काढले तर वास उडून जाईल का?

भारताचे पहिले सुगंधी तिकीट २००६ मध्ये चंदनाचे, किंमत १५ रुपये, असे निघाले. २००७ मध्ये गुलाब, २००८ मध्ये जास्मिन (मोगऱ्याच्या कुळातले फूल) आणि २०१७ मध्ये कॉफी. अशा तिकिटांवर सुगंधी तेल अतिसूक्ष्म कुप्यांत भरून छपाईबरोबर बसवलेले असते आणि बोट घासले की त्या कुप्या फुटतात. वास उडतो तो मुख्यतः घासण्याने, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येकाला ‘घासून बघा’ म्हणणे हाच त्या तिकिटाचा खरा शत्रू आहे. येथे बंद पिशवीचा उपयोग निश्चित होतो, आणि म्हणून आम्ही सुगंधी तिकिटांना वेष्टनाच्या बाजूने कौल देतो. त्यांचे तेल शेजारच्या तिकिटांना लागू नये यासाठी ती वेगळ्या अल्बममध्येच असावीत. घासायला एक वापरलेली प्रत हाताशी ठेवली की मुलेही खूश राहतात.

१४. खादीवरचे गांधी तिकीट, भूतानची पोलादी तिकिटे अशांचे काय करावे?

दिल्लीत २०११ साली भरलेल्या इंडिपेक्स या टपाल तिकिटांच्या प्रदर्शनात निघालेले १०० रुपये दर्शनी किमतीचे गांधीजींचे तिकीट खादीच्या कापडावर छापलेले आहे. कापड कागदापेक्षा सहज ओल घेते, त्याच्या कडांचे धागे सुटतात आणि स्टॉकबुकच्या पट्टीखाली सरकवताना ते अडकतात. फोल्डरसकट मिळाले असेल तर फोल्डरातच, मध्ये आम्लविरहित पातळ कागद घालून, सपाट ठेवणे योग्य. भूतानने १९६९ मध्ये पोलादाच्या पातळ पत्र्यावर तिकिटे काढली. त्यांना समुद्राकाठी गंज चढतो, म्हणून ती सिलिका जेलच्या डब्यात असावीत आणि उघड्या बोटांनी धरू नयेत. भूतानचीच १९६७ ची त्रिमितीय तिकिटे प्लास्टिकची आहेत, ती उष्णतेने वळतात.

सर्वांत नाजूक उदाहरण आपल्याच उपखंडातले आहे. १८५२ साली सिंधमध्ये तेथील ब्रिटिश कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी सुरू केलेल्या ‘सिंध डाक’ तिकिटांपैकी लाल तिकिटे लाखेच्या चकतीवर होती. ती तडकून गेली म्हणूनच आज इतकी दुर्मीळ आहेत. त्यातले पांढरे तिकीट शाईविना, केवळ उठाव उमटवून केलेले आहे. ते काचेखाली दाबले तर उठाव सपाट होईल आणि कोरा कागद उरेल.

१५. स्वतः चिकटणारी तिकिटे पाठकागदावरच ठेवावीत का?

होय, कोरी असतील तर पाठकागद हाच त्यांचा आधार आहे. वापरलेली असतील तर पाण्यात भिजवण्याच्या भानगडीत न पडता पाकिटाचा भोवतालचा कागद अर्धा सेंटिमीटर राखून कापून ठेवावीत. मात्र पाठकागद सर्व संकटांतून वाचवत नाही. अमेरिकेने १९७४ मध्ये नाताळासाठी काढलेल्या कबुतराच्या तिकिटाचा गोंद कागदातून वर झिरपला आणि न वापरलेली तिकिटेही तपकिरी डागांनी भरून गेली. तेथे ना मांडणीचा दोष होता, ना वेष्टनाचा. अशा तिकिटांना इतरांपासून दूर ठेवणे एवढेच आपल्या हाती असते.

१६. प्रदर्शनात तर लोक अस्सल तिकिटेच मांडतात. मग घरी का नको?

महापेक्ससारख्या (महाराष्ट्रातील टपाल तिकिटांच्या) प्रदर्शनांत एका चौकटीत साधारणतः सोळा पाने बसतात आणि ती पाने तीन-चार दिवस प्रकाशात राहून पुन्हा खोक्यात जातात. घरची फ्रेम वर्षानुवर्षे टांगलेली असते. कायमस्वरूपी मांडणी करणारी संग्रहालयेही, उदाहरणार्थ लंडनची ब्रिटिश लायब्ररी किंवा वॉशिंग्टनचे राष्ट्रीय टपाल संग्रहालय, तिकिटे ओढून बाहेर काढायच्या उभ्या चौकटींत ठेवतात: पाहणाऱ्याने ओढली की प्रकाश पडतो, परत सरकवली की अंधार. ही कल्पना घरी उतरवता येते. कपाटाच्या उथळ खणात पाने ठेवून खण ओढून दाखवणे हे भिंतीवर टांगण्यापेक्षा तिकिटाला मानवते, आणि पाहुण्यालाही काही खास दाखवले जात असल्याचा आनंद मिळतो.

१७. वडिलांनी तिकिटे फोटोच्या चिकट पानांच्या अल्बममध्ये लावली आहेत. तशीच ठेवू का?

नाही, आणि यात वेळ दवडू नये. वर पारदर्शक पडदा आणि खाली चिकट रेषा असलेली ती पाने फोटोंनाही घातकच होती. पडदा हळूच उलटावा, तिकीट सहज सुटते का ते एका कमी किमतीच्या तिकिटावर पाहावे, आणि सुटत नसेल तर दातांच्या फटी साफ करण्याचा दोरा (डेंटल फ्लॉस) दोन्ही हातांनी ताणून तिकिटाच्या खालून करवतीसारखा फिरवावा. केस वाळवण्याच्या यंत्राची उष्णता देऊ नये. वडिलांनी पानाच्या कडेला पेन्सिलीने काही लिहिले असेल (कोणाच्या पत्रावरून तिकीट काढले, कोणत्या गावाहून आले), तर पान टाकण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे. पुष्कळ घरगुती संग्रहांत तिकिटांहून मोलाचे तेवढेच असते.

१८. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले म्हणजे निश्चिंत?

चोरीपासून. लॉकरची खोली अनेकदा तळघरात असते, हवा खेळत नाही आणि पावसाळ्यात तुम्ही तेथे जातही नाही. ठेवायचेच असेल तर हिवाळ्यातल्या कोरड्या दिवशी, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावे आणि जूनच्या आधी व दिवाळीनंतर असे दोनदा उघडून पाहावे. गांधी मालिकेतील दहा रुपयांच्या तिकिटासारख्या, ज्याच्या नकला फार आहेत, अशा वस्तूचे तज्ज्ञांचे प्रमाणपत्र तिकिटापासून वेगळ्या पिशवीत, पण त्याच डब्यात असावे.

१९. पाकीट उघडले तर तिकीट आत चिकटलेले निघाले. आता काय?

ओढू नका. घाईने ओढले की गोंदाबरोबर कागदाचा पापुद्राही जातो आणि मग ते पातळ झालेले तिकीट कशानेही भरून येत नाही. तिकीट वापरलेले असेल तर साध्या पाण्यात भिजवून सोडवता येते, अर्थात शाई कच्ची नसल्यास (प्रश्न ५). कोरे असेल तर झाकणाच्या डब्यात तळाशी ओला स्पंज, त्यावर जाळी आणि जाळीवर तिकीट असे ठेवून दर पंधरा-वीस मिनिटांनी पाहावे; गोंद ओल घेऊन सैल होतो आणि कोपरा आपणहून उचलला जातो. सुटल्यावर गोंदाची बाजू वर करून वाळू द्यावे आणि अर्धवट वाळल्यावर सिलिकॉन लावलेल्या बेकिंगच्या कागदात दाबून ठेवावे. गोंदाची मूळ चकाकी बहुधा जाते, आणि विकताना ते स्पष्ट सांगावे लागते. तिकीट महागाचे असेल तर यातले काहीही न करता, चिकटलेल्या पाकिटासकट जाणकाराकडे न्यावे.